संशयवाद वाचताना या चुका टाळा

'संशयवादी म्हणतात, काहीच कळू शकत नाही.' हे वाक्य लिहून झालं असेल तर खोडा. सेक्स्टस एम्पिरिकस हा प्राचीन ग्रीक संशयवादी वैद्य आपल्या ग्रंथाच्या आरंभीच तीन प्रकारची माणसं सांगतो: सत्य सापडलं म्हणणारे, ते सापडणारच नाही म्हणणारे, आणि अजून शोधणारे. संशयवादी तिसऱ्या गटातले. 'स्केप्टिकोस' या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी शोध घेणारा.

आपली पंचाईत मराठी शब्दाने होते. 'संशय' म्हटला की आपल्याला वहीम आठवतो, संशयी नवरा आठवतो, नाहीतर गीतेतलं 'संशयात्मा विनश्यति'. न्यायदर्शनात, म्हणजे तर्क आणि वादाचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनात, मात्र संशय हा 16 पदार्थांपैकी (विचाराच्या विषयांपैकी) एक आहे. तो नसेल तर चर्चा सुरूच कशाला करायची? संशयवाद वाचताना हा दुसरा अर्थ जवळ ठेवा.

मग तो नेहमीचा टोला: 'काहीच कळत नाही, हे तरी कसं कळलं?' हा सेक्स्टसला लागतच नाही, कारण तो तसा दावा करत नाही. शिवाय आपल्या युक्तिवादांना तो रेचकाची उपमा देतो. रेचक पोटातली घाण काढतं आणि तिच्याबरोबर स्वतःही बाहेर पडतं. वैद्यालाच सुचावी अशी उपमा!

ज्याच्यापासून ग्रीक संशयवाद सुरू झाला असं मानतात, त्या पिऱ्होच्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात: गाडी येवो, कडा येवो, कुत्रं येवो, हा बाजूला होत नसे, मित्र सांभाळत. पण ही गोष्ट सांगणारा, तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजेनिस लाएर्शियसच पुढे लिहितो की एनेसिडेमस या नंतरच्या संशयवाद्याला ती मान्य नव्हती, आणि पिऱ्हो नव्वदीच्या आसपास पोचला. कड्यांची पर्वा न करणाऱ्याला एवढं आयुष्य?

हाच पिऱ्हो सिकंदराबरोबर भारतात आला, इथल्या नग्न साधूंना भेटला. म्हणून 'संशयवाद आपणच ग्रीकांना दिला' असं ठोकून देऊ नका. डायोजेनिस तसं सुचवतो खरा, पण तो पिऱ्होनंतर सुमारे पाच शतकांनी लिहितोय, आणि पिऱ्होने स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नाही.

भारतातला संशयवाद शोधायला निघालेले बहुतेक जण चार्वाकापाशी थांबतात. तिथे चुकतं. परलोक नाही, हे चार्वाक ठामपणे सांगतो, आणि प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना कळतं ते, प्रमाण मानतो. बुद्धाच्या काळातल्या संजय बेलट्ठिपुत्ताला परलोकाबद्दल विचारलं तर तो 'आहे'ही म्हणत नाही, 'नाही'ही म्हणत नाही. सामञ्ञफल सुत्त या बौद्ध ग्रंथात हे आलंय. आणि जयराशी भट्ट हा तत्त्वज्ञ 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथात प्रत्यक्षावरही शंका घेतो. हा ग्रंथ 1940 मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापला गेला. तोवर बहुतेक अभ्यासकांच्याही हाती तो नव्हता, म्हणून जुन्या पुस्तकांत त्याचं नाव दिसलं नाही तर नवल नको.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला या रांगेत बसवू नका. 1641 मध्ये त्याने शंका घेतल्या त्या खात्रीचा पाया सापडावा म्हणून. तो सापडल्यावर शंकांचं काम संपलं.

स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम वाचताना प्राचीन संशयवाद्यांसारखी अपेक्षा ठेवली की गोंधळ उडतो. हे खरं की ते, हा निर्णय थांबवला की मन शांत होतं, हा पिऱ्होच्या मार्गाने जाणाऱ्यांचा अनुभव. ह्यूमचं उलट झालं. 1739 च्या ग्रंथात तो शंका घेत घेत पार खिन्न होतो. मग उठतो, जेवतो, मित्रांबरोबर बॅकगॅमनच्या सोंगट्या हलवतो, आणि परत आल्यावर त्याला स्वतःचेच युक्तिवाद थंडगार वाटतात.