सीरियलमधले दोन उलटे आकडे

डीएनएसच्या, म्हणजे नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या कामात नवीन आलेल्या पोरांना मी आधी एकच विचारतो: झोनचा सीरियल कसा वाढवता? "वाढवतो की," म्हणतात. मीही तसंच म्हणायचो. झोन म्हणजे एका नावाखालच्या पत्त्यांची यादी, आणि सीरियल म्हणजे त्या यादीच्या आवृत्तीचा नंबर; आम्ही तो तारखेवरून लिहितो.

२०१९ चा ऑगस्ट. कोल्हापूर पाण्यात, हायवे बंद. निपाणीत मी ज्या छोट्या इंटरनेटवाल्याकडे कामाला होतो, त्याचा कोल्हापुरातला मेल सर्व्हर गेला. बेळगावात दुसरा उभा केला. माझं काम वट्ट एवढंच, बाइंड या डीएनएस सर्व्हरच्या झोन फाइलमध्ये नवा पत्ता घालायचा, सीरियल वाढवायचा, रीलोड मारायचा. लाइट जात-येत होती. त्या गडबडीत २०१९०८१००३ ऐवजी २१०९०८१००३ लिहिलं, आणि पत्त्यातलेही दोन आकडे उलटे पडले. थोड्या वेळानं दिसलं. दोन्ही दुरुस्त केलं, सीरियल २०१९०८१००४ केला आणि जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचा फोन: "निम्मी मेल येतात, निम्मी नाहीत. असं कसं गा?"

असं कसं, ते नीट बघा. सेकंडरी, म्हणजे झोनची नक्कल ठेवणारा सर्व्हर, प्रायमरीला, म्हणजे मूळ फाइल असलेल्या सर्व्हरला, सीरियल विचारतो आणि आपल्याशी ताडून बघतो. प्रायमरीचा मोठा असेल तरच झोन नव्यानं घेतो. माझ्या चुकीचा २१०९ वाला झोन त्यानं तेवढ्या वेळात उचलला होता. आता प्रायमरी २०१९ सांगते, म्हणजे त्याच्या लेखी जुनी. तो गप्प. एक सर्व्हर बरोबर पत्ता देतोय, दुसरा चुकीचा, आणि विचारणारा दोघांपैकी कुणाकडेही जातो. सेकंडरीच्या लॉगमध्ये ही तक्रार येत होती. पण ती मशीन वरच्या, आम्हाला इंटरनेट देणाऱ्या कंपनीची, आम्हाला लॉग कुठला दिसणार? झोन फाइल तपासणारं नेम्ड-चेकझोनही काही बोलत नाही. एकटी फाइल बघितली तर बरोबरच आहे ना.

मी दोन दिवस फायरवॉल चाचपत बसलो. ज्यांना मी 'सर' म्हणायचो, त्यांनी बाइंड काढून पुन्हा टाकायला सांगितलं. कळत नसलं की पुन्हा इन्स्टॉल करायला लावणाऱ्या गुरूपासून लांब राहा, हे माझं ठाम मत. शेवटी एका अनोळखी जाणकारानं एका ओळीत उत्तर दिलं: आरएफसी १९८२ वाच.

आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालतं ते लिहिलेला दस्तऐवज. त्यातून कळलं: सीरियल ३२ बिटांचा असतो आणि घड्याळासारखा गोल फिरतो. ४२९४९६७२९५ झाले की पुन्हा शून्य. अर्ध्या फेरीच्या आत पुढे असेल तो आकडा नवा. म्हणून मागे यायचं तर पुढूनच फिरून यावं लागतं. चुकीच्या सीरियलमध्ये २१४७४८३६४७ मिळवा. माझा झाला ४२५६५६४६५०. मग थांबा. सगळ्या सेकंडरींनी तो घेतलाय का, हे प्रत्येकीला डिग या कमांडनं वेगळं विचारून बघा. एकही राहिली असेल तर पुढची पायरी घेऊ नका, नाहीतर तीच पुन्हा अडकेल. सगळ्यांकडे आला की मग बरोबर तारखेचा सीरियल, माझा २०१९०८१००५. दहा मिनिटांत झोन जागेवर आला. अडकलेली मेलही हळूहळू आली, कारण पाठवणारे सर्व्हर बरेच दिवस पुन्हा-पुन्हा प्रयत्न करत राहतात. तेव्हा अशी चूक झाली तर रडू नका. मी रडलो होतो.

बाकी शिकायचं म्हणाल तर पॅनलवर क्लिक करून डीएनएस येत नाही. जुन्या लॅपटॉपवर एनएसडी आणि अनबाउंड हे दोन डीएनएस सर्व्हर सोर्सपासून बिल्ड करा. एक आपल्या झोनची उत्तरं देतो, दुसरा जगभर विचारून आणतो. वेगळे चालवले की फरक डोक्यात बसतो. सी भाषा कच्ची असली तरी चालेल. मी खानापूरकडच्या मराठी शाळेतला, ऑफिसात कानडी, मॅन्युअल इंग्रजीत. माझा पहिला पॅच, म्हणजे पाठवलेली दुरुस्ती, कोडचा नव्हताच, सीरियल मागे आणण्यावरच्या मॅन्युअलमधल्या तीन ओळी होत्या. दोनदा परत आला. दुसऱ्या वेळी का, माहितीये? उदाहरणातला आकडा मी चुकीचा लिहिला होता.