डोंगरावरचा प्रत्येक खड्डा म्हणजे घर नव्हे: या चुका टाळा

श्रीनगरजवळच्या बुर्झहोम या आद्य शेतकऱ्यांच्या वस्तीचं नाव निघालं की चित्र ठरलेलं: जमिनीत खणलेलं गोल घर, आत शेकोटी, वर भूर्जाच्या सालीचं छप्पर. १९६० ते १९७१ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने इथे उत्खनन केलं आणि पाठ्यपुस्तकांतून ‘गर्तागृहं’, म्हणजे खड्ड्यातली घरं, घरोघरी पोहोचली. उंच पहाडातल्या आद्य शेतकऱ्यांवर लिहिताना पहिली चूक इथेच होते. खड्डा दिसला की घर!

जरा आकार बघा. सर्वांत मोठा खड्डा तोंडाशी २.७४ मीटर रुंद, तळाशी ४.५७ मीटर, खोली ३.९६ मीटर. वर अरुंद, खाली ऐसपैस. आपल्याकडच्या कुणा जुन्या शेतकऱ्याला हे दाखवलं तर तो चटकन म्हणेल, ‘हे तर पेव!’ हे खड्डे धान्याच्या साठवणीचे असावेत, असं काही अभ्यासकांनी मांडलंही आहे. उलट बाजूही कच्ची नाही. काही खड्ड्यांत पायऱ्या आहेत, राख-कोळसा आहे, काठाशी खांबांच्या खुणा आहेत. माझ्या मते सगळ्या खड्ड्यांना एकच उत्तर लावणं हीच खरी चूक. प्रत्येकाची तळाशी लिंपलेली भुई वेगळी तपासा. वरचा भराव खड्डा ओस पडल्यानंतरचा असतो, त्यातल्या हाडा-खापरांवरून आत कोण राहत होतं हे ठरवू नका. तळाची माती आणि भराव एकाच पिशवीत गेले, की मग काही दुरुस्त होत नाही.

दुसरी गफलत दाण्यांची. माती नुसती चाळली तर गहू-सातू (जव) हाती लागतील, राळ्यासारखं बारीक धान्य निसटेल, आणि तुम्ही ‘इथे राळा नव्हताच’ असं लिहून मोकळे व्हाल. माती पाण्यात ढवळा, तरंगून वर येणारे जळके दाणे बारीक जाळीत धरा. दाणा सापडला म्हणजे पीक तिथेच घेतलं, असंही नाही, तो खालच्या खोऱ्यातून पाठीवरून आलेला असू शकतो. भुसा, कणसाचे तुकडे, शेतातल्या तणाच्या बिया सोबत आहेत का, ते पाहा.

हे दाणे कार्बन कालमापनालाही, म्हणजे वस्तीचं वय ठरवायलाही, लागतात. भूर्ज किंवा देवदाराच्या खोडाच्या गाभ्याचा कोळसा तपासला, तर चूल पेटली त्याच्या कितीतरी आधीचं वर्ष येतं. दाणा एका हंगामाचा. ईशान्य तिबेटी पठारावरच्या ५३ स्थळांचा जो अभ्यास २०१५ मध्ये आला, तो अशाच दाण्यांच्या आधारावर सांगू शकला की आधी राळ्याची शेती साधारण २,५०० मीटरच्या खालीच होती, आणि सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीपासून थंडी सोसणाऱ्या सातूच्या जोरावर माणूस ३,४०० मीटरपर्यंत वस्ती करून राहिला.

आकडे उतरवताना ‘आजपूर्वी’ आणि ‘इसवी सनपूर्व’ यांची सरमिसळ नको. कार्बन कालमापनातला ‘आज’ म्हणजे १९५०. एवढ्या घोटाळ्यात जवळजवळ दोन हजार वर्षं इकडची तिकडे होतात.