छऱ्याचे वजन आणि एअर रायफलची ताकद : स्वतः मोजून पाहण्याची रीत

एअर रायफल घेताना खोक्यावर छापलेला वेगाचा आकडा पाहून तिच्या ताकदीचा अंदाज बांधणारे पुष्कळ जण भेटतात. तो आकडा खोटा असतोच असे नाही. पण बहुतेक वेळा तो हलक्यात हलका छर्रा वापरून मिळवलेला असतो, आणि तो छर्रा आपण सरावात वापरणार नसू, तर त्या आकड्यावरून आपल्याला काहीही कळत नाही. रायफलची ताकद म्हणजे नळीतून बाहेर पडताना छऱ्यात असलेली ऊर्जा, आणि ती रायफल व छर्रा या जोडीची असते. जोडीतला छर्रा बदलला की ताकदही बदलते, म्हणून ती आपल्या रायफलीवर आणि आपल्या छऱ्यांनीच मोजावी लागते.

हिशेब शाळेतल्या गणिताचाच आहे. छऱ्याचे वजन ग्रॅममध्ये घ्यावे, त्याला वेगाच्या वर्गाने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला २००० ने भागावे. वेग मीटर प्रति सेकंद या मापात असेल, तर उत्तर ज्यूलमध्ये मिळते. डब्यावर वजन ग्रेनमध्ये दिलेले असल्यास एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम धरावा. उदाहरणादाखल, ०.४५ ग्रॅमचा छर्रा १८० मीटर प्रति सेकंद वेगाने निघाला तर ऊर्जा सुमारे ७.३ ज्यूल होते, आणि ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघाला तर ती सुमारे ७.७ ज्यूल होते. म्हणजे वेगाने मागे पडलेला छर्राच येथे अधिक ताकदीचा ठरला. वेग आणि ताकद या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे एवढ्या एका हिशेबावरून स्पष्ट होते.

मात्र जड छर्रा घातला की ताकद वाढते, असा सरसकट नियम कोणी सांगितला तर त्यावर विसंबू नये. सगळा फरक रायफल हवा कशी दाबते यात आहे. सिलिंडरमध्ये आधीच भरून ठेवलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत घोडा ओढल्यावर झडप क्षणभर उघडते आणि हवा छऱ्याला नळीतून ढकलत नेते. जड छर्रा नळीत अधिक वेळ रेंगाळतो, त्यामुळे त्या हवेला त्याच्यावर काम करायला अधिक वेळ मिळतो. अशा रायफलीत वजन वाढवल्यावर वेग कमी होतो, तरी एका मर्यादेपर्यंत ऊर्जा सहसा वाढत जाते.

स्प्रिंगच्या रायफलीची गोष्ट वेगळी आहे, आणि आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात तिच्यापासूनच होते. येथे स्प्रिंग सुटून पिस्टन पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा क्षणात दाबली जाऊन तापते आणि मग छर्रा हलतो. छर्रा फार जड असेल, तर तो जागचा हलायला वेळ लावतो. तेवढ्यात दाब इतका चढतो की पिस्टन उलट मागे ढकलला जातो आणि स्प्रिंगने दिलेल्या ऊर्जेचा मोठा भाग छऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. छर्रा फार हलका असेल, तर तो आधीच निघून जातो, पिस्टनपुढे हवेची गादी उरत नाही आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकावर जवळजवळ थेट आदळतो. म्हणून स्प्रिंगच्या रायफलीला मधले वजनच मानवते, ४.५ मिलिमीटरच्या साध्या रायफलीत ते साधारण ०.४५ ते ०.५५ ग्रॅमच्या आसपास सापडते. हे मी नुकसान सोसून शिकलो. माझ्या पहिल्या स्प्रिंग रायफलीत मी काही महिने शिशाऐवजी मिश्रधातूचे अतिशय हलके छर्रे वापरले, कारण त्यांचा कडक आवाज मला ताकदीची खूण वाटे. अखेर पिस्टनचे सील फाटले, स्प्रिंगही तुटली, आणि रायफल उघडणाऱ्या कारागिराने सिलिंडरच्या टोकाशी पडलेले आघाताचे वळ मला बोट ठेवून दाखवले.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे वळू. डब्यावर छापलेले वजन सरासरीचे असते, त्यामुळे निदान वीसेक छर्रे स्वतः तोलावेत. त्यासाठी एक हजारांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो. रत्ने तोलण्यासाठी असे काटे वापरले जातात आणि मुंबईत झवेरी बाजाराच्या परिसरात ते सहज मिळतात. तोलताना पंखा बंद ठेवावा, कारण वाऱ्याच्या झुळकीनेही शेवटचा अंक हलत राहतो. छर्रा चिमट्याने, कमरेपाशी हलकेच धरावा. त्याचा आकार डमरूसारखा असतो आणि मागचा पोकळ घेर इतका पातळ असतो की बोटांच्या दाबानेही तो चेपतो. चेपलेला घेर नळीत नीट बसत नाही आणि हवा बाजूने निसटते. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर मुंबईच्या दमट हवेत शिशावर पांढरट भुकटी चढते, तसे छर्रे मोजणीतून बाजूला काढावेत. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुणे टाळू नये.

वेग मोजण्यासाठी क्रोनोग्राफ लागतो, म्हणजे दोन संवेदकांमधले अंतर कापायला छऱ्याला किती वेळ लागला त्यावरून वेग दाखवणारे यंत्र. ही मोजणी वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजसारख्या अधिकृत रेंजवर, तेथील प्रशिक्षकांच्या परवानगीने करावी. इमारतीची गच्ची किंवा चाळीचा बोळ ही त्यासाठीची जागा नव्हे. नळीचे तोंड आणि क्रोनोग्राफ यांतले अंतर प्रत्येक वेळी सारखेच ठेवावे आणि छर्रा दोन्ही संवेदकांवरून सरळ जाईल अशी मांडणी करावी. संवेदक प्रकाशावर चालणारे असतील, तर जुन्या ट्यूबलाइटच्या लुकलुकण्यामुळे ते मधूनच भलताच आकडा दाखवतात. अशा वेळी सूर्यप्रकाश किंवा स्थिर प्रकाशाचा दिवा वापरावा. एका प्रकारच्या छऱ्याच्या पहिल्या चारपाच फैरी हिशेबात धरू नयेत, कारण नव्या छऱ्याची नळीला सवय व्हावी लागते. त्यानंतर दहा फैरींचे वेग लिहून त्यांची सरासरी काढावी आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान वेगातला फरकही टिपून ठेवावा. माझ्या मते निवड करताना या फरकाला सरासरीपेक्षा जास्त महत्त्व द्यावे. सिलिंडरच्या रायफलीत प्रत्येक छऱ्याची मोजणी सारख्याच दाबापासून सुरू करावी, नाहीतर वजनाचा परिणाम कोणता आणि दाब उतरल्याचा कोणता हे वेगळे करता येत नाही.

या मोजणीला कायद्याची बाजूही आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाच्या किंवा २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागतो. समजा, सिलिंडरची एखादी रायफल ०.५२ ग्रॅमचा छर्रा २७० मीटर प्रति सेकंद वेगाने सोडते. तिची ऊर्जा १९ ज्यूलच्या जवळ भरते. तीच रायफल ०.६७ ग्रॅमचा छर्रा २४६ मीटर प्रति सेकंद वेगाने सोडू लागली, तर ऊर्जा २० ज्यूलच्या वर जाते. रायफल तीच, छर्रा मात्र बदलला. म्हणून ताकदवान रायफल जवळ असणाऱ्याने आपण वापरणार असलेल्या सर्वांत जड छऱ्यानेही मोजणी केलीच पाहिजे.

दहा मीटरच्या नेमबाजीसाठी एवढ्या ताकदीची गरजच नसते. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने ज्या प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्या दहा मीटर एअर रायफल प्रकारातल्या रायफली साधारण ०.५३ ग्रॅमचा, सपाट डोक्याचा छर्रा १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास सोडतात. येथे वजन बदलण्याचा परिणाम ताकदीपेक्षा नेमावर अधिक जाणवतो. १७० च्या वेगाने निघालेला छर्रा दहा मीटरमध्ये सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो, तर १८० च्या वेगाने निघालेला सुमारे १५ मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण या लक्ष्यावर दहाच्या ठिपक्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो आणि दोन वर्तुळांमधले अंतर अडीच मिलिमीटर. त्यामुळे छऱ्याचे वजन बदलल्यावर साइट, म्हणजे नेम धरण्याचे साधन, पुन्हा जुळवल्याशिवाय गुण मोजायला बसू नये. आधी पाच छऱ्यांचा एक ग्रुप घ्यावा, म्हणजे एकाच जागी नेम धरून पाच फैरी झाडाव्यात, त्याचा मध्य कोठे सरकला ते पाहून साइटचे क्लिक (तिच्या स्क्रूचे टप्पे) फिरवावेत, दुसरा ग्रुप घेऊन खात्री करावी, आणि वहीत त्या डब्याचा बॅच क्रमांक, तोललेले वजन, सरासरी वेग व फिरवलेले क्लिक एकाच ओळीत लिहून ठेवावेत.