नागीण उठली तर पहिले तीन दिवस वाया घालवू नका

तासगावात माझं मेडिकल दुकान आहे. द्राक्षबागेतून थेट आलेली माणसं काउंटरवर सांगतात, "नागीण उठलीय, लावायला काहीतरी द्या." मलम काढण्याआधी मी विचारतो, फोड कधी आले?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिचं नाव असतं हर्पिस झोस्टर. दोन्ही शब्द ग्रीक. हर्पिस आला 'सरपटणे' या धातूवरून. आपला 'सर्प' त्याचाच लांबचा भाऊबंद. झोस्टर म्हणजे कमरपट्टा. पण हा पट्टा अर्धाच असतो, आणि घाबरलेल्या घरच्यांना मी हेच आधी सांगतो. कांजण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत दडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या नसेवाटे कातडीवर उतरतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूची, म्हणून फोड सहसा मध्यरेषेपाशी थांबतात. नागिणीचा वेढा पुरा होऊन तिच्या तोंडाला शेपूट भिडली की माणूस दगावतो, ही भीती मनातून काढून टाका.

ओळखायचं असं: आधी दोन-तीन दिवस एकाच बाजूला आग, टोचल्यासारखं दुखणं. कुणाला मुतखडा वाटतो, कुणाला उसण. मग लाल चट्टा आणि त्यावर पाणी भरलेल्या फोडांचे घोस.

चट्टा दिसल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा. असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या तेव्हा सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो. मोठ्या माणसाला सहसा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस बदलतो, म्हणून चिठ्ठीशिवाय मी त्या देत नाही. नुसत्या मलमानं भागत नाही. गेरू तर लावूच नका. वाळून त्याला भेगा पडतात, खालचे फोड दिसत नाहीत आणि खरवडताना ओली कातडी सोलून निघते.

फोड स्वच्छ, कोरडे, झाकलेले ठेवा. खपल्या धरेपर्यंत तान्ही बाळं आणि कांजण्या न झालेल्या गरोदर बायका यांच्यापासून लांब राहा. फोडांतल्या पाण्यातून त्यांना कांजण्या होऊ शकतात.

कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी सांगली-मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नजर जाऊ शकते.

खपल्या पडल्यावरही आग महिनोन्‌महिने राहू शकते. ती सोसत बसू नका, नसांच्या दुखण्यावर वेगळं औषध मिळतं. आणि पन्नाशी ओलांडली असेल तर लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. तिचे दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं.