‘सिग्नल गेला’ म्हणण्याआधी: आरसी विमान-हेलिकॉप्टर उडवताना या चुका टाळा

रिमोटवर उडणारं आरसी विमान उसात पडलं की कोल्हापुरात ठरलेलं वाक्य ऐकू येतं, “भावा, सिग्नलच गेला!” क्वचित तो जातोही. पण २.४ गिगाहर्ट्झचे आजचे रिमोट नजरेच्या टप्प्यात सहसा दगा देत नाहीत. सिग्नलवर खापर फोडून मोकळं झालं, की फेविक्विकने जोडलेलं तेच विमान पुढच्या रविवारी त्याच कारणाने पुन्हा पडतं. (आणि हो, थर्माकोलला साधं फेविक्विक लावू नका, थर्माकोल विरघळतो.)

त्यामुळे आधी पडण्यापूर्वीचे दोन-तीन सेकंद नीट आठवा.

मोटार बंद पडली, पण रडर-एलिव्हेटर (शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या) चालत होते? मग बहुधा बॅटरी उतरली होती. ईएससीने (मोटारीची वीज सांभाळणाऱ्या नियंत्रकाने) मोटार तोडून उरलेली वीज सर्वोंसाठी (या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटारींसाठी) राखली, म्हणजे त्याने त्याचं काम केलं. अशा वेळी नाक किंचित खाली ठेवून वेग टिकवायचा आणि समोर मिळेल त्या जागेत उतरायचं. बहुतेक जण विमान आपल्या पायाशीच आलं पाहिजे म्हणून एलिव्हेटर ओढत राहतात. मग वेग संपतो, विमान स्टॉल होतं (पंखांची उचल संपते) आणि दगडासारखं खाली येतं. तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते. उडताना ती १०.५ च्या खाली जाऊ देऊ नका, रिमोटमध्ये टायमर लावा. दोन आठवडे उडवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून द्या. भरलेली लायपो मे महिन्यात बंद गाडीत ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

सगळंच क्षणभर मेलं आणि मग परत आलं? इथेच लोक सिग्नलचं नाव घेतात. पण पुष्कळदा दोष बीईसीचा (विमानातल्या रिसिव्हरला आणि सर्वोंना वीज पुरवणाऱ्या भागाचा) असतो. एखादा सर्वो अडकला किंवा चार-पाच सर्वो एकदम जोर लावू लागले की रिसिव्हरला मिळणारा व्होल्टेज खाली येतो आणि तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो. जमिनीवर रिमोटच्या सगळ्या काड्या एकदम फिरवून बघा. रिसिव्हरचा दिवा लुकलुकला तर सापडलं. बीईसी व्यवस्थित निघाला, तर मग अँटेना बघा. रिसिव्हरला दोन तारा असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात हव्यात, आणि कार्बन फायबरच्या आड नकोत. रिमोटच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सर्वांत कमकुवत असतो. फेलसेफही (सिग्नल तुटल्यावर मोटार आपोआप थांबवणारी सोय) तपासा: पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा, थ्रॉटल (मोटारीचा वेग) थोडा वाढवा आणि रिमोट बंद करा. मोटार थांबलीच पाहिजे.

विमान तुमच्याकडे येत असताना भलतीकडेच वळलं, तर तो सिग्नल नव्हे, तुमचा अंगठा. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं आपल्याला उलटं दिसतं. जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला काडी ढकला, विमान सरळ होतं. हे सिम्युलेटरवर हातात बसवून घ्या, फोमचं नवं विमान घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

विमान हातातून सुटल्या सुटल्या नाक वर काढून लोळत असेल तर शेपूट जड आहे. साध्या सरळ पंखाच्या ट्रेनरचा (शिकाऊ विमानाचा) तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर लागायला हवा. बॅटरी पुढे सरकवा.

हेलिकॉप्टरचा हिशोब वेगळा आहे. उचलताच गरगर फिरलं तर बहुधा जायरोची (शेपूट स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरची) दिशा उलटी आहे. शेपूट हाताने ढकलल्यावर तिचा सर्वो विरोधात गेला पाहिजे. थरथर असेल तर ब्लेडचा तोल आणि फेदरिंग शाफ्ट (मुख्य ब्लेड धरणारा दांडा) बघा. हा शाफ्ट वाकला की हातोडीने सरळ करायचा नाही, बदलायचा. उद्यमनगरातल्या कारखान्यांत काय वाट्टेल ते बनवून मिळतं याचा आम्हाला अभिमान आहे, पण लेथवर साध्या सळीतून काढलेला शाफ्ट इथे चालवू नका. फिरती ब्लेड त्यानेच धरलेली असतात. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये १९ वर्षांचा एक तरुण स्वतःच्याच आरसी हेलिकॉप्टरचं ब्लेड लागून मरण पावला. थ्रॉटल होल्ड (मोटार बंद ठेवणारा रिमोटवरचा स्विच) लावल्याशिवाय जवळ जाऊ नका.

जागेचं म्हणाल तर संध्याकाळचा रंकाळा आणि पंचगंगा घाट विसराच, तिथे माणसं असतात. गोकुळ शिरगावची मोकळे माळ बघून मोह होतो, पण उजळाईवाडीचा विमानतळ शेजारीच आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा विभाग (परवानगीशिवाय उडवता येणारा) असतो, ८ किलोमीटरच्या आत परवानगीचा प्रश्न येतो. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा. ऊस तुटलेलं रान आणि सकाळी नऊच्या आतली वेळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग भरले की आवरतं घ्या. वळवाच्या आधीचा वारा हलकं फोम कुठल्या कुठे नेतो.

तरीही उभ्या उसात पडलंच, तर थ्रॉटल लगेच शून्यावर आणा, अडकलेला पंखा मोटार आणि ईएससी जाळतो. मग जागचे हलू नका. विमान जिथे दिसेनासं झालं त्या रेषेतलं एखादं नारळाचं झाड किंवा विजेचा खांब हेरा आणि मित्राला फोनवर सांगत त्या रेषेत आत पाठवा. रिमोट चालू असेल तर एलेरॉन (पंखांवरच्या पट्ट्या) हलवत राहा, सर्वोचा आवाज ऐकू येतो. उसाचा पाला कापतो, तेव्हा फुल बाह्यांचा शर्ट हवा. आणि आत शिरण्याआधी रानाच्या मालकाला विचारा. पाच हजारांच्या विमानापायी त्याचा ऊस मोडू नका.