शेजाऱ्याचा कुत्रा आणि आपले फाटक: दारासमोरची घाण थांबवण्यासाठी काय करावे

फाटकासमोरचा रस्ता खराट्याने झाडायचा, सडा टाकायचा आणि रांगोळीच्या चार रेघा ओढायच्या, अशी सकाळची सुरुवात करणारी घरे नागपूरच्या लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्यांमध्ये, अजूनही पुष्कळ आहेत. नेमक्या त्याच जागी शेजारच्या पाळीव कुत्र्याची विष्ठा पडलेली दिसली की दिवसाचा आरंभच नासतो, आणि हे रोज घडू लागले की मनात साचलेला राग एखाद्या दिवशी भर रस्त्यात बाहेर पडतो. तो राग रास्त आहे. परंतु प्रतापनगर भागातील आमच्या लेआऊटमध्ये गेल्या काही वर्षांत असे तीन-चार प्रसंग मी जवळून पाहिले आहेत, आणि त्यांतून एक गोष्ट मला पक्की कळली आहे: शेजाऱ्याशी पहिले बोलणे नीट झाले तर बहुतेक वेळा पुढचे काहीच करावे लागत नाही आणि ते बिघडले तर पुढचे अर्ज-विनंत्यांचे सगळे मार्ग दुप्पट कठीण होतात. म्हणून येथे मी त्या पहिल्या बोलण्याला आणि त्याच्या तयारीला सर्वांत जास्त जागा देत आहे.

तयारीची सुरुवात खात्री करण्यापासून होते. आपल्या गल्लीत मोकाट कुत्रीही असतात, आणि त्यांची घाण पाळीव कुत्र्याच्या नावावर खपण्याची शक्यता नेहमीच असते. आठवडाभर एका वहीत तारीख, वेळ आणि जागा एवढेच लिहून ठेवावे. पाळलेल्या कुत्र्याला बाहेर नेण्याची वेळ ठरलेली असते आणि खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात त्याला शौचाला लागते, त्यामुळे चार-पाच दिवसांतच ठरावीक वेळ लक्षात येते. उन्हाळ्यात ही वेळ बदलते, हेही ध्यानात घ्यावे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की डांबरी रस्त्यावर कुत्र्याचे पंजे भाजतात, म्हणून जाणते मालक त्याला पहाटे उजाडण्यापूर्वी किंवा रात्री उशिरा बाहेर काढतात. अंधारात कुत्रा कोठे बसला हे बरोबरच्या माणसाला कित्येकदा दिसतही नाही, आणि तसे असेल तर आपण ज्याला बेपर्वाई समजतो ती केवळ हातात टॉर्च नसल्याची अडचण असू शकते.

दुसरी खात्री करायची ती कुत्र्याला फिरवतो कोण याची. अनेक घरांत हे काम घरकाम करणाऱ्या मुलाकडे, ड्रायव्हरकडे किंवा चौकीदाराकडे असते, आणि विष्ठा उचलायची असते हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. अशा माणसाला रस्त्यात अडवून बोलणे मला योग्य वाटत नाही. तो हुकुमाचा ताबेदार. त्याच्या हातात पिशवी देण्याची जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा बोलणेही मालकाशीच व्हावे.

आता प्रत्यक्ष बोलण्याविषयी. ते घाण दिसल्याबरोबर करू नये, कुत्रा बरोबर असताना करू नये आणि चारचौघांत तर मुळीच करू नये. रविवारी सकाळी दहा-अकराच्या सुमारास, घरातील मंडळी निवांत असताना, त्यांच्या फाटकाशी जावे आणि आत बोलावले तर आत बसून बोलावे. शेजारी वयाने मोठे असतील तर काकाजी किंवा काकू, बरोबरीचे असतील तर भाऊ किंवा वहिनी, अशी आपली नेहमीचीच हाक असावी. एरवी ज्यांना आपण भाऊ म्हणतो त्यांना त्या दिवशी एकदम ‘साहेब’ म्हटले तर भांडणाचा वास लगेच येतो. बोलणे साधारण असे असावे: “काकाजी, एक लहानशी अडचण सांगायची होती. शेरू रोज सकाळी सहाच्या सुमारास आमच्या फाटकाजवळ बसतो. आमची नात तिथूनच अनवाणी ये-जा करते, आणि मलाही सडा टाकताना त्रास होतो. जो कुणी त्याला फिरवतो, त्याच्याजवळ कागद किंवा पिशवी दिली आणि तेवढं उचलून घ्यायला सांगितलं, तर फार बरं होईल.”

या चार वाक्यांत कुत्र्याचे नाव आहे, वेळ आहे, जागा आहे, आपली अडचण आहे आणि नेमकी मागणी आहे. ‘तुम्ही लोक’, ‘नेहमीच’, ‘काही कळतच नाही का’ हे शब्द त्यांत नाहीत, आणि ते चुकूनही येऊ देऊ नयेत. कुत्रा पाळणाऱ्याला त्याचा कुत्रा घरातील लेकरासारखा असतो. ‘कुत्र्याला आवरा’ म्हटले की तो कुत्र्याची बाजू घेऊन उभा राहतो, पण ‘तेवढं उचलून घ्या’ म्हटले की त्याला नकार देण्यासाठी कारण शोधावे लागते. वही बरोबर नेऊ नये. पुढे गरज पडली तर आपल्या मदतीसाठी ती ठेवलेली असते, शेजाऱ्यापुढे पुरावा म्हणून उघडण्यासाठी नव्हे.

काही शेजारी प्रामाणिकपणे म्हणतात, “अहो, ते तर खतच आहे, मातीत मिसळून जाते.” या समजुतीला शांतपणे उत्तर देता आले पाहिजे. गाईचे शेण गवताचे असते. कुत्र्याचा आहार वेगळा, त्याची विष्ठा वेगळी, आणि तिच्यात जंतांची अंडी असण्याचा धोका असतो. गोलकृमीची अंडी ताज्या विष्ठेत असताना संसर्ग करण्याच्या अवस्थेत नसतात; मातीत पडल्यावर ती त्या अवस्थेत येण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्यानंतर मात्र ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे टिकून राहतात. म्हणजेच त्याच दिवशी विष्ठा उचलली तर हा धोका जवळजवळ मुळातूनच टळतो. मातीत खेळून तसेच हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना या कृमींचा त्रास होऊ शकतो, आणि क्वचित त्यांच्या अळ्या डोळ्यापर्यंतही पोहोचतात. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेत शिरतात आणि तेथे खाज सुटणारी नागमोडी लाल रेघ उमटते. आपल्याकडे पावसाळ्यात लेआऊटच्या मोकळ्या जागेत माती ओली असते आणि त्याच दिवसांत तान्हा पोळ्याला मुले लाकडी बैल ओढत घरोघरी फिरतात, हे लक्षात घेतले तर जून ते सप्टेंबर या काळात अधिक काळजी का हवी ते वेगळे सांगावे लागत नाही. रेबीज मात्र विष्ठेतून पसरत नाही. ती भीती घालून शेजाऱ्याला घाबरवू नये, कारण एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

कुत्र्याच्या मालकाला सर्वांत लवकर पटते ते त्याच्या कुत्र्याच्या हिताचे. पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा आजार विष्ठेतून पसरतो आणि त्याचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने तग धरतो. ज्या कोपऱ्यावर गल्लीतील सगळे कुत्रे बसतात, तेथेच लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू हुंगत जाते. त्यामुळे विष्ठा उचलण्याची सवय ही कुत्रा पाळणाऱ्या घरांच्या परस्पर फायद्याचीही आहे. नियमित जंतनाशक औषध आणि लसींबद्दल पशुवैद्यकाचा सल्ला घ्या, असे त्याच ओघात सुचवता येते. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने नागपूरकरांना तशी सोय दूर शोधावी लागत नाही.

पटले तरी काम होत नाही, कारण उचलायचे कशाने आणि टाकायचे कोठे, हे प्रश्न उरतात. ते आपणच सोडवून दिले तर निम्मे काम होते. जुन्या वर्तमानपत्राची दुहेरी घडी करून तिने विष्ठा उचलावी किंवा धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी हातावर उलटी चढवून उचलावी आणि मग सुलट करून तोंड बांधावे. 2018 पासून राज्यात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी असल्याने त्या शोधत बसण्यापेक्षा हे दोन्ही उपाय सोपे आहेत. घरी आल्यावर कागदातील विष्ठा शौचालयात टाकून पाणी सोडावे आणि कागद कचऱ्यात टाकावा. पिशवीत बांधली असेल तर ती पिशवी उघडी न ठेवता कचरागाडीत द्यावी, नालीत किंवा शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर भिरकावू नये. आमच्या गल्लीत एका कुटुंबाने आपल्या कंपाऊंडच्या भिंतीला खिळा मारून जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे टांगून ठेवले आणि खाली झाकणाचा डबा ठेवला. महिन्याभरात दुसऱ्या दोन घरांतील माणसेही तेथूनच कागद घेऊ लागली. हा उपाय मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात कुणाला काही बोलावे लागले नाही.

येथे आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मालकाने न उचललेली ही घाण शेवटी उचलतो तो आपल्या भागातील ऐवजदार (बदली कामगार) किंवा सफाई कामगार, आणि तीही अनेकदा हातमोज्यांवाचून. ‘झाडणारे येतातच की’ असे जो शेजारी म्हणतो, त्याला हे जरूर सांगावे.

काय करू नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे. फाटकाशी लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवण्याची पद्धत सगळीकडे दिसते, पण तिचा उपयोग नाही. कुत्र्याला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही, आणि नवी वस्तू म्हणून तो एक-दोन दिवस बिचकला तरी पुढे सरावतो. तिखट, फिनाइलच्या गोळ्या किंवा ॲसिड टाकणे तर क्रूर आहे. त्याने मुक्या जिवाला इजा होते, खेळणाऱ्या मुलांनाही होऊ शकते, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली आपणच आरोपी ठरू शकतो. विष्ठा उचलून शेजाऱ्याच्या दारात टाकू नये. फाटकावर कॅमेरा असेल तर त्याचा रोख आपल्या दारासमोरच्या जागेवर ठेवावा, आणि त्यातील चित्रण लेआऊटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही टाकू नये. आमच्याकडे एकदा असा फोटो ग्रुपवर पडला. त्या घराचे आणि शेजारच्या घराचे येणे-जाणे त्या दिवसापासून बंद झाले आणि घाण मात्र तशीच पडत राहिली.

दोनदा बोलूनही फरक पडला नाही, तर विषय एकट्याचा ठेवू नये. फ्लॅट स्कीममध्ये सोसायटी असते. स्वतंत्र घरांच्या लेआऊटमध्ये नागरिक मंडळ किंवा निदान गणेशोत्सवाची मंडळी असतात. बैठकीत कुणाचे नाव न घेता सर्वांसाठी एकच नियम मांडावा: कुत्रा पट्ट्याला बांधून न्यावा, बरोबर कागद ठेवावा, बागेत आणि फाटकांसमोर बसू देऊ नये. एक मर्यादा मात्र माहीत असावी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि विष्ठा उचलली नाही म्हणून परस्पर दंडही आकारता येत नाही. ती विनंती करू शकते. म्हणून ‘पाचशे रुपये दंड’ अशी पाटी लावण्यापेक्षा सर्वांच्या सह्यांची विनंती अधिक टिकाऊ ठरते.

सार्वजनिक रस्त्यावरील अस्वच्छतेची दखल घेण्याचा अधिकार महापालिकेला आहे. नागपूर महानगरपालिकेची दहा झोन कार्यालये आहेत. आपला भाग ज्या झोनमध्ये येतो तेथील आरोग्य विभागाकडे लेखी अर्ज द्यावा. अस्वच्छता करणाऱ्यांवर कारवाईसाठी महापालिकेचे उपद्रव शोध पथकही आहे. अर्जात जागेची खूण, वेळ, किती दिवसांपासून हे चालले आहे आणि आधी कोणत्या तारखांना बोलणे झाले, एवढेच लिहावे. येथे ती वही कामाला येते. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय परतू नये, कारण पुढच्या प्रत्येक विचारणेत पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच असतो. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे, पण एका कुत्र्याच्या विष्ठेसाठी तेथवर जाण्याची वेळ क्वचितच यावी, आणि आलीच तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

हे सगळे होईपर्यंत दारासमोरची जागा स्वच्छ ठेवावी लागतेच. कुत्रा वासावरून पुन्हा त्याच जागी येतो, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. आधी विष्ठा कागदाने पूर्ण उचलावी, मग साबणाच्या पाण्याने जागा खराट्याने घासावी आणि त्यानंतर भरपूर पाणी टाकावे. अमोनियाचा वास असलेले द्रव वापरू नयेत. तो वास मूत्रासारखा असल्याने कुत्रे उलट ओढले जातात. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. खराटा या कामासाठी वेगळा ठेवावा, हात साबणाने धुवावेत आणि मगच सडा टाकण्यास घ्यावा.