जिनॉमिक्सच्या ऑनलाइन कोर्सला बसण्याआधी: मिरजेहून एक तयारीची यादी

पुढच्या महिन्यात सांगली-मिरजेतले आम्ही काही डॉक्टर, सिस्टर आणि लॅब टेक्निशियन मिळून जिनॉमिक्सचा, म्हणजे माणसाच्या सगळ्या जनुकांच्या अभ्यासाचा, ऑनलाइन कोर्स लावतोय. असा एक कोर्स मी मागच्या पावसाळ्यात केला, म्हणून "मॅडम, आधी काय वाचू?" असं सगळे मला विचारतात. वाचायचं थोडं आहे. जमवायचं जास्त आहे, आणि ते आपल्याच ओपीडीतल्या कपाटात आहे.

सगळ्यात आधी स्वतःच्या घराची वंशवेल काढा. तीन पिढ्या, पेन्सिलीने. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार असेल तर आकृती आतून भरायची, माणूस गेला असेल तर तिरकी रेघ, गर्भ पडला असेल तर छोटा त्रिकोण, आणि नात्यातलं लग्न असेल तर नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ. आपल्याकडे ही दुहेरी रेघ वारंवार ओढावी लागते. मामाची मुलगी करणं ही आपली जुनी रीत, आणि कर्नाटकाच्या सीमेलगत काही घरांत बहिणीची मुलगीही करतात. आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात, मामा-भाचीत एक चतुर्थांश. त्यामुळे रेघ ओढली की नातं नेमकं कोणतं, ते शेजारी लिहायलाच हवं.

ते मराठीतच लिहा. व्हिडिओत 'कझिन' हा एकच शब्द येईल. आपल्याकडे चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ असे चार वेगळे शब्द आहेत आणि जनुक कोणत्या वाटेने आलं असेल ते त्या शब्दांतच कळतं. मुलाला आईकडून हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, आला असेल तर त्याच्या मावसभावाचं रक्त तपासायला हवं. चुलतभावाला त्या नात्यामुळे धोका नाही, कारण बाप मुलाला आपलं एक्स गुणसूत्र देतच नाही. एक सांभाळा मात्र. आमच्या भागात सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा, नातं असो वा नसो. तेव्हा "सासूबाई माझ्या आत्याच" असं ऐकलं की लगेच दुहेरी रेघ ओढू नका. "लग्नाआधी तुम्ही दोघं एकमेकांचे कोण लागत होता?" असं विचारा. या प्रश्नाला उत्तर सरळ येतं. "नात्यात केलंय का?" म्हटलं की माणसं अवघडतात आणि "लांबचं आहे" म्हणून विषय संपवतात.

दुसरं काम म्हणजे जुने पाच केसपेपर काढून ठेवा. नाव, गाव, फोन झाकून, कारण वर्गातल्या चर्चेत हे कागद स्क्रीनवर दिसणार. एक चाळिशीच्या आत स्तनाचा कर्करोग झालेली बाई, एक उशिरा चालायला लागलेलं मूल, एक घर जिथे तरुण माणूस अचानक गेला, असे निवडा. आणि एक तरी असा, ज्यात लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन चढलंच नाही. माझ्याकडे तो कागद आहे. जत तालुक्यातल्या एका बाईला मी सहा महिने लोह देत राहिले. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, कमी आणि त्यांची संख्या उलट जास्त, हे रिपोर्टवर छापलेलं होतं. मी फक्त हिमोग्लोबिनचा आकडा बघत होते. शेवटी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, केली, त्यातला एचबीए२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आला, म्हणजे ती थॅलेसीमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक निघाली: जनुकातला बदल अंगात, पण स्वतःला मोठा आजार नाही. तोवर ती दुसऱ्यांदा गरोदर होती आणि नवऱ्याचं रक्त कोणी तपासलं नव्हतं. तपासायला मीच सांगायला हवं होतं. हा कागद समोर ठेवून मी वर्गाला बसले, म्हणून त्यातला प्रत्येक धडा डोक्यात राहिला.

याच जागी एक वाक्य मराठीत तयार करून ठेवा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसीमिया मेजर, म्हणजे त्याचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के असते. आपण "चारात एक" म्हणतो आणि घरचे समजतात, एक झालं, आता पुढची तीन चांगली. म्हणून "दर खेपेला चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात" असं सांगा. आणि 'सदोष जनुक' हा शब्द ओपीडीत नको. तो घरी जाता जाता 'सुनेतला दोष' होतो, हे मी पाहिलं आहे. 'जनुकातला बदल' म्हणा, आणि वाहक दोघंही आहेत हे सासूसमोर, नवऱ्यासमोर, मोठ्याने म्हणा. डुशेनसारख्या, मुलग्यांचे स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या, आजारात बदल आईकडून आलेला असू शकतो, पण सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच झालेला असतो. आईचा रिपोर्ट हातात येण्याआधी तिच्याकडे बोट जाईल असा एकही शब्द तोंडातून जाऊ देऊ नका.

पुस्तकी उजळणीला दोन संध्याकाळी पुरतात. आपल्या जिनोममध्ये, म्हणजे डीएनएच्या पूर्ण संचात, सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत आणि प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २० हजार. मानवी जिनोम प्रकल्प १९९० ला सुरू झाला, २००३ ला पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, आणि उरलेल्या बहुतेक फटी २०२२ ला बुजल्या. सिकल सेल या रक्ताच्या आजारात बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनच्या एका भागाच्या) जनुकात एकच अक्षर बदलतं, जीएजीचं जीटीजी होतं. एवढं पक्कं असलं की पुढचं उलगडतं. बदल म्हणजे आजार असं मात्र मनात धरून जाऊ नका. तासगावची तास-ए-गणेश द्राक्षं हीसुद्धा थॉमसन सीडलेसच्या वेलीवर आपसूक झालेल्या बदलातूनच निवडलेली आहेत. आमच्या सिस्टरांना म्यूटेशन हा शब्द या उदाहरणानेच आपलासा वाटला.

रिपोर्ट वाचायची सवय आधीच लावा. २०१५ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेपासून बदलांचे पाच वर्ग वापरले जातात: आजार घडवणारा, बहुधा घडवणारा, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधला 'अर्थ अनिश्चित' आपल्या पेशंटांना जास्त वाट्याला येतो, कारण जगाच्या माहितीसाठ्यात आपली माणसं कमी आहेत. एमवायबीपीसी३ या हृदयाच्या स्नायूशी संबंधित जनुकातला २५ अक्षरं गळण्याचा बदल भारतीयांत सुमारे चार टक्के लोकांत सापडतो, हे जगाला २००९ मध्ये कळलं. जिनोम इंडिया प्रकल्पातली १० हजार भारतीयांची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली झाली, म्हणजे हे चित्र हळूहळू सुधारेल. तोवर अनिश्चित बदलाच्या भरवशावर कुणाची शस्त्रक्रिया ठरवायची नाही.

लॅबवाल्यांनी बाटल्यांकडे लक्ष द्या. डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए, गुणसूत्रांच्या तपासणीला हिरव्या टोपणाची हेपॅरिन. दुसऱ्या नमुन्यातल्या पेशी जिवंत पोचाव्या लागतात, तो गोठवायचा नाही.

कायद्याचं पान वेगळं करा, हे मी आग्रहाने सांगते. परदेशी शिक्षक गर्भाच्या तपासण्यांबद्दल बोलताना मुलगा की मुलगी हे सहज उच्चारतात. आपल्याकडे १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आहे. त्यात गर्भलिंग सांगणं गुन्हा आहे, खुणेनेही. जेनेटिक कौन्सेलिंग सेंटरलाही नोंदणी लागते, फक्त सोनोग्राफीला नाही. आपल्या जिल्ह्यात मुलींच्या बाबतीत काय घडलेलं आहे ते आपण सगळे जाणतो. वर्गात ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं ओपीडीत येता कामा नये. गर्भपाताच्या कायद्यातली २०२१ ची दुरुस्तीही वाचून ठेवा, २४ आठवड्यांपुढे वैद्यकीय मंडळाकडे कधी जावं लागतं ते त्यात आहे.

पुढे पाठवायचं कुठे, तेही आताच लिहून ठेवा. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली ठरलेल्या केंद्रांतून उपचाराला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक.

बाकी किरकोळ. ब्रिटनमधले वर्ग तिथे दुपारी चारला असले की इथे रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ, तेव्हा घरच्यांना सांगून ठेवा. एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, जिनॉमिक्स एज्युकेशन प्रोग्रॅमचे काही कोर्स फुकट आहेत, सरावाला तेच घ्या. पावसात लाइट जाते, लॅपटॉप दुपारीच चार्ज करा. मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट मिळणार का, हे फी भरण्याआधी विचारा.

शेवटी, त्या पाच घरांपैकी एका घराला कोर्स संपल्यानंतरच्या आठवड्यात बोलवा. जतच्या त्या घराला मी बोलावलं, तर नवरा-बायको दोघंही सकाळच्या एसटीने आले आणि त्याचं रक्त त्याच दिवशी घेता आलं. तारीख केसपेपरवर लाल पेनने लिहा, आणि त्यावरचा फोन नंबर अजून चालू आहे का, ते आजच लावून बघा.